दहा महिने, साडेदहा हजार किलोमीटर आणि एक बादली पाणी

इलेक्ट्रिक मोटारसायकल बघायला गेलो तेव्हा मी शोरूममध्ये नंतर शिरलो, आधी मागच्या सर्व्हिसच्या शेडमध्ये गेलो. शनिवार होता, शाळा सकाळची होती. लातूरला त्या शेडच्या फाटकापाशी तासभर उभा राहिलो आणि आत उभ्या असलेल्या गाड्यांवर धूळ किती बसलीय ते बघितलं. याच्या आधी दुसऱ्या एका कंपनीच्या शेडमध्ये असाच डोकावलो होतो. तिथं सीटवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ होती आणि एकजण "दीड महिना झाला, पार्टच येईना" म्हणून दारातच भांडत होता. इथं सात गाड्या होत्या, धूळ फक्त एकीवर. ती अपघाताची होती, विम्याचा माणूस यायचा होता. तिथंच माझं निम्मं ठरलं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीची सर्व्हिस लातूरला चांगली आणि शेजारच्या जिल्ह्यात रडकी असू शकते, त्यामुळं नावावर जाऊन उपयोग नाही.

मी औशात राहतो, शाळा लातुरात. जाऊन-येऊन ४० ते ४२ किलोमीटर. जुनी पेट्रोलची गाडी महिन्याला २० लिटरच्या वर पेट्रोल प्यायची, म्हणजे दोन हजारांच्या पुढं. ही मोटारसायकल २०२४ च्या दसऱ्याला घेतली. बॅटरी चार किलोवॅट-तासांची, म्हणजे चार युनिट वीज मावणारी. तेव्हा विजेवरच्या गाड्यांना केंद्राचं अनुदान देणारी पीएम ई-ड्राइव्ह योजना नुकतीच सुरू झाली होती, किलोवॅट-तासाला ५,००० आणि गाडीमागं जास्तीत जास्त १०,००० रुपये. ते दहा हजार बिलातच वजा झाले. पुढच्या वर्षी ही रक्कम निम्मी होणार होती, म्हणून दसरा साधला. हिरवी नंबर प्लेट लागली तेव्हा आमचे बापू म्हणाले, "ही काय एसटीची हाय का?"

आता चालवण्याचं. एका चार्जिंगमध्ये मला १०० ते १०५ किलोमीटर मिळतात, तेही पन्नास-पंचावन्नच्या वेगानं. ऐंशीनं हाणली की आकडा डोळ्यांदेखत पडतो. हायवेवर समोरून वारं असलं तर विचारूच नका. रात्री अकराला लावतो, पहाटे पाचपर्यंत भरते. महिन्याला ४५ युनिटच्या आसपास जातात. घरचा वापर आधीच शंभर युनिटच्या वर असल्यानं हे युनिट महागड्या स्लॅबमध्ये बसतात, तरी साडेपाचशे-सहाशेत भागतं. "फुकटात फिरा" म्हणणाऱ्या जाहिरातवाल्यांनी एकदा महावितरणचं बिल नीट वाचावं.

खरी परीक्षा एप्रिलात झाली. त्रेचाळीस डिग्रीत दुपारी एकला शाळेतून निघून घरी आलो, लगेच चार्जिंगला लावली, तर घेईना. पहिल्यांदा घाबरलो. नंतर कळलं, बॅटरी तापलेली असली की ती थंड होईस्तोवर आतली यंत्रणाच चार्जिंग रोखून धरते. लिंबाच्या सावलीत पाऊण तास उभी केली की सुरळीत. पण त्याच आठवड्यात रात्री लावलेली गाडी सकाळी बघतो तर आहे तेवढीच, चार्जरवर लाल दिवा. दुसऱ्या रात्री पण तेच.

फोन केला. कॉल सेंटरवाल्यांनी हिंदीत तिकीट नंबर दिला आणि "अठ्ठेचाळीस तासांत" असं काहीतरी म्हणाले. ते तिकीट अजून तसंच उघडं असेल. मी सरळ शेडमधल्या मेकॅनिकला फोन लावला. रेणापूरकडचा पोरगा, आयटीआयला इलेक्ट्रिशियन झालेला. पहिल्या सर्व्हिसला चेन ताणून देताना त्यानं स्वतःच नंबर दिला होता. "सर, गाडी आणू नका, मीच येतो संध्याकाळी." मला वाटलं, चार्जर बदलून देईल. आला, गाडीकडं बघितलंच नाही. मीटर काढला, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मधलं व्होल्टेज मोजलं. दोन-तीनच्या वर असू नये म्हणे, आमच्याकडं २८.

"सर, अर्थिंगचा खड्डा कुठाय?"

आमचं घर ९३ च्या भूकंपानंतर बांधलेलं. खड्डा मागं, गोठ्याच्या कडेला. तेव्हा मीठ-कोळसा घालून पट्टी पुरली, त्यानंतर तिकडं कोणी फिरकलं नाही. काळी जमीन उन्हाळ्यात हात आत जाईल अशी भेगाळते. माती वाळली, पट्टीपासून सुटली, की अर्थिंग नावापुरती, मग चार्जरचा दिवा लाल. त्यानं आमच्या हिच्याकडं एक बादली पाणी मागितलं. हिनं प्यायचं पाणी समजून तांब्या आणला. "नाही काकू, बादली. खड्ड्यात वतायचीय." सावकाश पाणी सोडलं, चहा पिऊन झाल्यावर परत मोजलं, पाच व्होल्ट. चार्जर हिरवा. पैसे किती म्हटलं तर म्हणाला, "पाण्याचं काय पैसे घेऊ? पण सर, पावसाळ्याच्या आधी नवीन खड्डा करून घ्या, हे टिकणार नाही." मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या वायरमनकडून करून घेतला. तोवर दर रविवारी त्या खड्ड्याला पाणी घालायचं काम माझ्याकडं होतं. हिचं म्हणणं, एवढं पाणी तुळशीला कधी घातलं नाही तुम्ही.

जुलैत पावसात एकदा गाडी मध्येच बंद पडली, शाळेच्या अलीकडं. डिस्प्लेकडं जाणाऱ्या वायरच्या जोडणीत पाणी गेलं होतं. शेडवाल्यांनी टेम्पोत घालून नेली, संध्याकाळी वापरायला दुसरी गाडी दिली. नवा वायरसंच पुण्याहून यायला सहा दिवस लागले, वॉरंटीत फुकट. सहा दिवस जास्तच झाले असं मी मॅनेजरला तोंडावर सांगितलं. अशी नेहमी लागणारी वस्तू लातुरात का ठेवत नाही, याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. पण रोज दुपारी फोन यायचा, "सर, अजून आलं नाही." खोटं "उद्या देतो" कोणी म्हटलं नाही, एवढ्यावर माझा निम्मा राग गेला.

लांबचा प्रवास एकदाच केला. शाकंभरी नवरात्रात तुळजापूर, जोडीनं. येऊन-जाऊन शंभराच्या वर, म्हणजे काठावरचं गणित. परत येताना उजनीला बासुंदी खायला थांबलो आणि हॉटेलवाल्याला सॉकेट मागितलं. त्यानं दिलं, पण त्याच्या सोळा अँपियरच्या प्लगवर आधीच फ्रीज होता. तासाभरात पंधरा-वीस किलोमीटरपुरतं भरलं आणि बासुंदी दोन-दोन वाट्या झाली. रोज लांब फिरणाऱ्यानं, म्हणजे खताबियाण्याचे सेल्समन वगैरेंनी, ही गाडी अजून तरी घेऊ नये असं मला वाटतं.

बारीकसारीक कुरकुरी आहेत. मागची सीट साडी नेसून बसायला अडचणीची आहे, साडीगार्डचे वेगळे पैसे लावले. शेताच्या रस्त्याला चिखल मडगार्डात बसतो, काडीनं काढावा लागतो. पंक्चरवाल्यानं पहिल्यांदा चाकाला हात लावायच्या आधी "करंट बसंल का?" म्हणून दोनदा विचारलं. ब्रेक पॅड मात्र अजून पहिलेच आहेत, कारण मूठ सोडली की मोटारच गाडीला धरते. बॅटरीची वॉरंटी तीन वर्षांची. चौथ्या वर्षी काय, हा प्रश्न बापू दर महिन्याला विचारतात आणि मी दर महिन्याला चहा मागवतो.

सध्या साइड स्टँडचा सेन्सर त्रास देतोय. स्टँड वर असला तरी गाडीला तो खालीच दिसतो, दोनदा पायानं हाणावा लागतो. त्या मेकॅनिकला फोन केलाय. गुरुवारी औशात अजून दोन गाड्या बघायच्यात, तेव्हा येतो म्हणालाय.