निसर्गखेळाचा घरपोच संच: वहीला पैकीच्या पैकी, भिंगाला शून्य

वर्गणी भरून घरपोच येणाऱ्या निसर्गखेळाच्या या संचात काय काय येतं ते बहुतेकांना माहीत असेलच: लाकडी ठोकळे, वाळूचा ट्रे, बियांच्या पुरचुंड्या, चित्रांची कार्डं, एक भिंग आणि पालकांसाठी आठवड्यावार वही. वयोगट तीन ते सहा. खोका उघडतानाची परीक्षणं भरपूर सापडतात, पण महिनोन् महिने वापरल्यावर कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. आमच्याकडे तो रोज वापरात आहे, वापरणारी लेक चार वर्षांची आहे, आणि मी आज लिहायला बसले ती भिंगामुळे.

भिंग ॲक्रिलिकचं आहे. काही आठवड्यांतच त्यावर इतके चरे पडले की त्यातून सगळं धुरकट दिसायला लागलं. कारण त्याच खोक्यात आहे. वाळूत क्वार्ट्झ या कठीण खनिजाचे कण असतात. काठिण्य मोजायच्या एक ते दहाच्या मोहस् श्रेणीत क्वार्ट्झ ७, साध्या काचेचं साडेपाचच्या आसपास आणि ॲक्रिलिकचं त्याहून बरंच कमी. जी वाळू काचेवरही चरे पाडते, तिच्या शेजारी उघडं ॲक्रिलिक ठेवलंय. ना पिशवी, ना झाकण, ना वहीत एका ओळीची सूचना.

तक्रार केली. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला, मग उत्तर आलं की हा हाताळणीतला दोष आहे आणि सुटं भिंग विकायला नाही. हवं असेल तर पूर्ण संच पुन्हा घ्या. भिंग बदलून हवं म्हणून अख्खा खोका घ्यायचा हे मला पटणारच नव्हतं. चार वर्षांच्या मुलीसाठी बनवलेली वस्तू चार वर्षांच्या मुलीनेच हाताळायची असते, हे मी तीन-तीनदा लिहून कळवलं. शेवटी कंपनीने दुसरं पाठवलं. तसंच, ॲक्रिलिकचं, पिशवीविना. ते मी जुन्या मोज्यात घालून ठेवते. तुमच्याकडे हाच संच असेल तर एक कराच: वाळू लागलेलं भिंग कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी वाहत्या पाण्याखाली धरा. चरे पडतात ते पुसताना, फडक्याखाली अडकलेल्या कणांनी.

एवढ्याशा वस्तूसाठी इतका त्रागा का? कारण निसर्गखेळातून शिकण्याच्या या पद्धतीचा जीव पाहण्यात आहे. मूल एका जागी बसून एकाच गोष्टीकडे किती वेळ पाहतं, त्यावर पुढचं सगळं उभं राहतं. भिंग धड होतं तेव्हा लेकीने मुंगीच्या मिशा मध्येच वाकलेल्या असतात हे स्वतः शोधलं. वाणी किडा चालताना पायांची लाट कशी सरकते ते ती पोटावर पडून पाहत राहायची. कोळ्याचे पाय आठ आणि मुंगीचे सहा, हे मी शिकवलेलं नाही. दोघांचे पाय सारखे का दिसत नाहीत म्हणून तीच पुन्हा पुन्हा मोजत बसली. आकड्यांचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही. भिंग धुरकट झालं आणि हे सगळं बसलं. ती एकदा डोकवायची, काही नीट दिसायचं नाही, मग उठून जायची.

दुसरी अडचण भिंग धरण्याची. पाचपट मोठं दाखवणाऱ्या भिंगाचं नाभीय अंतर (ज्या अंतरावरून वस्तू स्पष्ट दिसते ते) पाचेक सेंटिमीटर असतं, म्हणजे ते किड्याच्या तितकं जवळ न्यावं लागतं. लहान मुलं भिंग हात लांब करून धरतात आणि काही दिसत नाही म्हणतात. मी बाहेरून झाकणातच भिंग बसवलेली पारदर्शक डबी घेतली. त्यात अंतर ठरलेलंच असतं, त्यामुळे पहिल्या क्षणापासून स्पष्ट दिसतं. किडा थोडा वेळ ठेवायचा, पाहायचा आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. अशी डबी संचात असती तर मी हा मजकूर लिहिलाच नसता. शिवाय एक सूचना संचात ठळक हवी होती ती कुठेच नाही: भिंगातून सूर्याकडे कधीच पाहू द्यायचं नाही आणि भिंग उन्हात कागद-कापडाजवळ सोडायचं नाही.

ठोकळे चांगले आहेत, गुळगुळीत आहेत, टिकले आहेत. माहितीपत्रकात जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलचं नाव मोठ्या अक्षरात आहे. त्याने १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गमध्ये काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल ही त्याचीच साधनं. पण त्याच्या मुलांना लावायला-जोपासायला स्वतःचे छोटे वाफेही असत. संचात ठोकळे आले, वाफा कुठेच नाही. वाफ्याला जागा नसेल तर एका कुंडीचं काम तरी वहीत हवं होतं. बिया आहेत, पण त्या मोजायला आणि चिकटवायला. आम्ही त्यातल्या निम्म्या कुंडीत टाकल्या. रोज सकाळी माती उकरून आत काय चाललंय ते पाहायची तिला इतकी घाई, की काही अंकुर त्यातच गेले. जाऊ देत. उरलेले वर आले तेव्हाचा तिचा आनंद त्या चिकटकामापेक्षा शंभर पटींनी मोठा होता.

काटकसर करणाऱ्यांना सांगते, ठोकळे आणि वही सोडली तर बाकीचं जमवता येतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांचंच उदाहरण घ्या. नाव नीट लक्षात ठेवावं अशा या बाईंनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. खडे, बिया, पानं, शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंनाच त्यांनी शैक्षणिक साधनं केलं. पुढे १९७१ मध्ये ब्रिटिश शिल्पकार सायमन निकोल्सनने सुट्या वस्तूंबद्दल जे मांडलं तेही याच्या जवळ जाणारं आहे: जितक्या जास्त वस्तू हलवता, जोडता, मोडता येतील तितकी मुलांची कल्पकता खुलते. काड्या, दगड, सालींचे तुकडे, रिकामी भांडी. आमच्याकडे खोक्यातल्या कार्डांपेक्षा याच ढिगाला हात जास्त लागतो.

आता वही. सुरुवातीला मी ती बाजूला टाकली होती, कारण पानावर फार थोडं लिहिलेलं असतं. महिन्याभरात माझं मत पूर्ण बदललं. वहीत उत्तरं नाहीत, फक्त विचारायचे प्रश्न आहेत: काल इथे काय होतं, आज काय वेगळं दिसतंय, तुला काय वाटतं असं का झालं. शेजारी पालकाने गप्प राहून नोंद करायची जागा. कार्डांचं बरोबर उलट होतं. चित्र पाहिलं, नाव सांगितलं, विषय संपला.

एका पानावर तेच पाणी उंच अरुंद भांड्यातून पसरट भांड्यात ओतायचं होतं. लेक ठामपणे म्हणाली, उंच भांड्यात जास्त होतं. मानसशास्त्रज्ञ पियाजेने नोंदवलेली ही गोष्ट साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांत दिसते आणि वही बजावते, दुरुस्त करू नका, पुन्हा ओतू द्या. ती अजून ओततेच आहे, मत अजून तेच आहे, आणि ओतता ओतता हात मात्र इतका स्थिर झालाय की थेंबही सांडत नाही. लिहायला कधी शिकवणार असं मला सतत विचारलं जातं. माती मळणं, चिमटीत बी धरणं, ओलं फडकं पिळणं यांनी बोटांची तयारीच होते. त्या बाबतीत मी निश्चिंत आहे.

वहीत एक गोष्ट खटकते. रोजचा उपक्रम अर्ध्या तासाचा आणि तोही बहुतेक बसून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी दमवणारी. तेव्हा वही झाली म्हणजे आजचं झालं असं धरू नका. धावणं, चढणं, चिखलात उड्या यांची सोय तुम्हालाच करायची आहे.

घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बियांची पुरचुंडी उंचावरच ठेवा. खेळण्यांच्या सुरक्षाचाचणीत लहान वस्तू तपासायच्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि त्यात मावेल ते त्या वयासाठी धोक्याचं समजतात. या बिया त्यात मूठभर मावतील. नाकात गेलेली बी ओलाव्याने फुगते, ती काढायला डॉक्टरच लागतात.

पुढची वर्गणी मी भरलेली नाही. फक्त वही वेगळी मिळेल का, असं विचारलंय. मिळाली तर लगेच घेईन आणि उत्तर काय आलं ते इथेच खाली लिहीन. भिंग मात्र काचेचं, मिटून आवरणात जाणारं, दुसरीकडून आणलंय.