इथेनॉलची पुनर्प्राप्ती: साधे ऊर्ध्वपातन की निर्वात ऊर्ध्वपातन?

वनस्पतींचा अर्क इथेनॉलमध्ये (मद्यार्कात) काढल्यावर ते इथेनॉल परत मिळवताना साध्या ऊर्ध्वपातनात, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करून गोळा करताना, ते सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते. मांडणी सोपी असते, शीतकाला (वाफ थंड करून द्रव करणाऱ्या नळीला) नळाचे पाणी पुरते, परंतु उष्णता न सोसणारे घटक बिघडतात. निर्वात पद्धतीत पंपाने हवा काढून दाब सुमारे १७५ मिलिबारपर्यंत उतरवला की तेच इथेनॉल ४० अंशांना उकळते आणि अर्क जपला जातो, म्हणून नाजूक अर्कासाठी मी हीच पद्धत निवडेन. मात्र शीतक पुरेसा थंड नसेल, तर ज्वालाग्राही वाफ थेट पंपात शिरते. घरगुती जुळणीत सपाट बुडाची पातळ काचेची बाटली मुळीच वापरू नये, कारण बाहेरील हवेच्या दाबाने ती आतल्या बाजूस फुटू शकते. महाराष्ट्रात मद्यार्काच्या ऊर्ध्वपातनासाठी १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवाना लागतो. हे बंधन दोन्ही पद्धतींना सारखेच आहे.