सरंजामी फौज: 'मेडिव्हल २' की 'क्रुसेडर किंग्ज २'?

मध्ययुगीन युरोपातली सरंजामी फौज कुठल्या कॉम्प्युटर गेममध्ये जास्त खरी वाटते? 'मेडिव्हल २: टोटल वॉर'मध्ये (२००६) पैसे मोजा, किल्ल्यात तुकडी तयार. सरंजामी रिवाजातली चाळीस दिवसांची लष्करी चाकरी संपली म्हणून कुणी घरी निघत नाही. रणांगणावर मात्र मजा येते: सरदारांचं घोडदळ कधीकधी हुकमाआधीच उधळतं. १३४६ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या क्रेसीच्या लढाईत फ्रेंच सरदारांनी आपल्याच बाजूच्या, इटलीतल्या जिनोव्हाच्या क्रॉसबोवाल्यांना तुडवलं, ते हमखास आठवतं.

'क्रुसेडर किंग्ज २'मध्ये (२०१२) लढाई म्हणजे नुसते आकडे घसरताना बघणं. तरी माझं मत यालाच. इथे फौज मांडलिकांकडून मागावी लागते. मांडलिक नाराज असला की माणसं कमी देतो, आणि ती फार दिवस अडकवली की आणखी फुगून बसतो. माझा एक मांडलिक ड्यूक असाच, ऐन वेढ्यात उलटला.