ऑनलाइन लिलावातली तक्रार यंत्रणा : अनेक महिन्यांच्या वापरानंतर ५ पैकी साडेतीन

पार्सल रिकामं आलं, किंवा आत भलतीच वस्तू निघाली, तर तक्रार नोंदवताना ‘वस्तू मिळाली नाही’ हा पर्याय कधीही निवडू नका. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर या यंत्रणेबद्दल सर्वांत आधी हेच सांगावंसं वाटतं. हातात काहीच आलं नाही, म्हणजे ‘मिळाली नाही’, हे माणसाला सरळ वाटतं. यंत्रणेच्या हिशेबात मात्र तो पर्याय डब्याबद्दलचा आहे, वस्तूबद्दलचा नाही. डबा पोचला की नाही, एवढंच तिथे तपासलं जातं. विक्रेता ट्रॅकिंग नंबर टाकतो, त्यावर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं आणि केस त्याच्या बाजूने बंद होते. रिकामा डबा, आत दगड, अर्धा संच, दुसरंच मॉडेल, हे सगळं ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या पर्यायात जातं. तिथे डब्यात काय निघालं यावर निर्णय होतो आणि ट्रॅकिंगचा जोर संपतो. रिकामा डबासुद्धा रीतसर परत पाठवता येतो. परतीचं लेबल आलं तर तोच डबा, तशाच अवस्थेत, त्याच लेबलवर पाठवायचा.

खाली दिलेले नियम आणि मुदती ईबे या लिलाव साइटच्या मनी बॅक गॅरंटीच्या, म्हणजे खरेदीदाराला पैसे परत मिळवून देणाऱ्या योजनेच्या आहेत. बाकीच्या लिलाव साइट्सवर आकडे बदलतात, पण सांगाडा साधारण हाच असतो. बोली कशी लावायची, प्रॉक्सी बिडिंग (तुम्ही ठरवलेल्या कमाल रकमेपर्यंत साइटनेच तुमच्या वतीने बोली वाढवणं) म्हणजे काय, हे इथे येणाऱ्यांना माहीतच असेल, म्हणून थेट मुद्द्यावर.

साडेतीनच गुण देण्याचं मुख्य कारण ट्रॅकिंगवरची आंधळी भिस्त. बाकी बऱ्याच गोष्टींवर माझं मत महिन्यागणिक बदलत गेलं, पण हा राग कायम आहे. त्याचं सर्वांत वाईट रूप असं : विक्रेता तुमच्याच पोस्टल कोडमधल्या दुसऱ्याच पत्त्यावर एखादं हलकं पाकीट पाठवतो. ट्रॅकिंगवर तुमचं शहर दिसतं, ‘डिलिव्हर्ड’ दिसतं, तारीखही जुळते. तुमच्या दारात काहीच आलेलं नसतं. इथे ‘वर्णनाप्रमाणे नाही’ उपयोगाचं नाही, कारण परत पाठवायला डबाच नाही. ‘मिळाली नाही’ हेच खरं, आणि तिथे ट्रॅकिंग तुमच्या विरोधात उभं.

यावर एकच तोड चालते : कुरिअरकडून लेखी कागद. ट्रॅकिंग नंबर घेऊन कुरिअर कंपनीकडे किंवा पोस्टात जायचं आणि ‘प्रूफ ऑफ डिलिव्हरी’ मागायचं. दुसऱ्याचा पूर्ण पत्ता ते गोपनीयतेमुळे सहसा देत नाहीत. पण ‘हे पार्सल तुमच्या पत्त्यासाठी नव्हतं’ एवढं लिहून द्यायला बरेच जण तयार होतात, आणि तेवढं पुरतं. दुसरी गोष्ट वजन. काही कुरिअरच्या ट्रॅकिंग तपशिलात वजन नोंदलेलं असतं, ते आधी उघडून बघा. लिलावात ४ किलोचा कॅसेट डेक जिंकला आणि नोंद ५० ग्रॅमची, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट पानभर युक्तिवादापेक्षा भारी ठरतो. हे दोन्ही कागद साइटला मध्ये बोलावण्याआधी, म्हणजे निर्णय द्यायला सांगण्याआधी, केसला जोडायचे. निकाल आधीच विरोधात लागला असेल तर ईबेवर केस बंद झाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. पण अपिलात नवा पुरावा लागतो. जुनीच कैफियत पुन्हा लिहून पाठवली तर निकालही जुनाच येतो.

यातच एक अपवाद आहे, जो फार थोड्यांना ठाऊक असतो. ऑर्डरची एकूण रक्कम ७५० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर ईबेवर नुसतं ‘डिलिव्हर्ड’ विक्रेत्याला वाचवत नाही. सही घेऊन पार्सल दिल्याची नोंद लागते. महागड्या वस्तूच्या केसमध्ये विक्रेत्याने फक्त ट्रॅकिंग टाकलं असेल, तर ‘सहीची नोंद नाही’ हे एक वाक्य आवर्जून लिहा. हा नियम सगळ्या रकमांना का लावत नाहीत, हा माझा जुना प्रश्न आहे. स्वस्त वस्तू घेणाऱ्याच्या पैशालाही किंमत असते.

आता मुदती. अंदाजे पोचण्याची शेवटची तारीख, किंवा वस्तू प्रत्यक्ष आली ती तारीख, तिथून ३० दिवसांत तक्रार उघडावी लागते. उघडल्यावर विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे ३ दिवस मिळतात. त्यानंतर तोडगा नसेल तर ईबेला मध्ये पडायला सांगता येतं, आणि मग निर्णय साधारण ४८ तासांत होतो. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात वेळ जातो तो तक्रार उघडण्याआधी. ‘कस्टममध्ये अडकलंय, जरा थांबा’, ‘सणाची गर्दी आहे’, ‘माझा मुलगा पोस्टात जाऊन चौकशी करेल’, अशा गोड निरोपांमध्ये ३० दिवस निघून जातात, आणि ३१व्या दिवशी तोच विक्रेता मुका होतो. तक्रार उघडणं म्हणजे भांडण नव्हे. उघडलेल्या तक्रारीच्या आतही गोडीगुलाबीने बोलता येतं, आणि तिथलं बोलणं नोंदीत राहतं. ईमेल, व्हॉट्सॲप, फोन यांवर दिलेली आश्वासनं निर्णय देणाऱ्याला दिसत नाहीत. विक्रेत्याने बाहेर काही कबूल केलं असेल तर साइटच्या मेसेजमध्ये लिहायचं : ‘आज तुम्ही फोनवर पूर्ण परतावा देतो म्हणालात, इथे दुजोरा द्या.’

पैसे पेपाल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेने भरले असतील तर तिथे वेगळं दार आहे. व्यवहारापासून १८० दिवसांत वाद नोंदवता येतो. मात्र वाद नोंदवल्यापासून २० दिवसांत तो ‘क्लेम’मध्ये बदलला नाही, म्हणजे पेपालला निर्णय द्यायला सांगितलं नाही, तर आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ प्रकाराने, म्हणजे ओळखीच्यांना पाठवतात तसे, पाठवलेल्या पैशाला हे संरक्षण नाही. जो विक्रेता ‘फी वाचेल, तसेच पाठवा’ म्हणतो, त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवावा. तिसरं दार कार्ड देणाऱ्या बँकेचं, म्हणजे चार्जबॅक, बँकेकरवी पैसे उलटे वळवून घेणं. तीन दारं एकाच वेळी ठोठावू नका. बँकेत चार्जबॅक टाकला की ईबेची केस बंद होते, आणि तिकडे हरलात तर इकडे परत येता येत नाही. आधी साइट, तिथे नाहीच जमलं तर पुढचं दार, हा क्रम ठेवा. फक्त बँकेची मुदत आधीच विचारून तारीख लिहून ठेवा.

तक्रारीचा मजकूर लहान हवा. निर्णय देणाऱ्यापुढे केसेसची रांग असते आणि तो लिस्टिंगमधलं (विक्रेत्याने लिहिलेल्या विक्रीच्या पानावरचं) वाक्य व हातातली वस्तू यांत फरक शोधतो. म्हणून तसंच लिहून द्या : ‘लिस्टिंगमध्ये “सर्व काटे मूळ, यंत्र चालू” असं आहे. आलेल्या घड्याळाला सेकंदकाटा नाही. पूर्ण चावी दिल्यावर यंत्र २ मिनिटांत थांबतं. फोटो १ ते ४ पाहावेत. वस्तू परत करून पूर्ण परतावा हवा आहे.’ बस. ‘फसवलं’, ‘लुटलं’ हे शब्द गाळा, त्यांनी केस जड होत नाही. ‘अपेक्षेप्रमाणे नाही’ हे तर चुकूनही लिहू नका. त्याचा अर्थ मन बदललं असा लावला जातो आणि परतीचं टपाल तुमच्या खिशातून जातं. खरा दोष सिद्ध झाला तर तो खर्च विक्रेत्याचा असतो.

फोटोंचा क्रमही ठरलेला असू द्या : बंद पार्सल, लेबल वाचता येईल असं, मग आतलं पॅकिंग, मग वस्तू, मग दोष जवळून, आणि शेवटी सिरियल नंबर. सिरियल नंबर अशासाठी की परत पाठवल्यावर ‘ही माझी वस्तूच नाही, बदलली’ असा उलटा आरोप येऊ शकतो. व्हिडिओ काढलात तरी त्यातली चित्रं फोटो म्हणून वेगळी काढून ठेवा, केसला सहसा फोटोच जोडता येतात. आणि लिलाव जिंकला त्याच दिवशी लिस्टिंगचं पूर्ण पान पीडीएफ करून ठेवा. जुनी पानं कायम राहत नाहीत, आणि अख्खी केस त्या पानावरच्या शब्दांवर उभी असते.

‘नो रिटर्न्स’ असं लिहिलेलं असलं म्हणून गप्प बसू नका. मन बदललं तर ते लागू होतं, वस्तू वर्णनापेक्षा वेगळी असेल तर नाही. ‘फॉर पार्ट्स’ (फक्त सुट्या भागांसाठी) किंवा ‘नॉट वर्किंग’ म्हणून विकलेल्या वस्तूत केस अवघड असते, पण मेलेली नसते. विक्रेत्याने ‘बॅटरी गेली आहे, स्क्रीन उत्तम’ लिहिलं आणि स्क्रीन फुटकी निघाली, तर स्क्रीनबद्दलचं वाक्य त्याला बांधतंच.

अपडेट, मधल्या काळानंतर : अर्धवट परताव्याबद्दलचं मत बदललंय. आधी वाटायचं की ‘२० टक्के घ्या आणि वस्तू ठेवा’ ही ऑफर सरसकट नाकारावी. आता तसं म्हणणार नाही. लिलावात बहुतेक वेळा वस्तू एकमेव असते, बदली मिळत नाही. पूर्ण परतावा म्हणजे वस्तू हातची जाणं. दुरुस्तीचा खर्च नीट काढता येत असेल आणि ऑफर त्यापेक्षा जास्त असेल, तर ती घेण्यात शहाणपण आहे. पण स्वीकारली की केस संपली. नंतर दुसरा दोष सापडला तरी दार बंद. म्हणून वस्तू पूर्ण तपासल्याशिवाय हो म्हणू नका. दोष वस्तूच्या गाभ्यात असेल, म्हणजे नक्कल असेल, चुकीचं मॉडेल असेल, तर टक्केवारीच्या घासाघिशीत पडूच नका.

विक्रेते तडजोडीला का तयार होतात, हेही कळलं पाहिजे, कारण तिथेच तुमची ताकद आहे. वाईट फीडबॅकची, म्हणजे खरेदीदाराने साइटवर दिलेल्या जाहीर अभिप्रायाची, भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती आकड्यांची आहे. विक्रेत्याने स्वतः न सोडवलेल्या आणि ईबेने त्याच्या विरोधात बंद केलेल्या केसेस वेगळ्या मोजल्या जातात, आणि त्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांवर गेलं की, अशा केसेस दोनाहून जास्त असतील तर, त्याचा दर्जा घसरतो. नियमित विक्री करणाऱ्याला हे परवडत नाही. म्हणून कामकाजाचे ते ३ दिवस वाया गेलेले दिवस समजू नका, मिटवण्याची खरी संधी त्यातच असते. ‘तोडगा निघाला नाही तर अमुक तारखेला ईबेला मध्ये बोलावणार’ असं सौम्य वाक्य लिहा. फीडबॅकची धमकी मात्र देऊ नका. लिस्टिंगमध्ये नसलेल्या गोष्टीसाठी फीडबॅकची भीती घालणं हा नियमभंग आहे, आणि तो तुमच्यावर उलटतो.

लिलावाचीच खास अशी एक तक्रार उरते : किंमत कमी लागली म्हणून विक्रेता ‘वस्तू खराब झाली’ म्हणत व्यवहार रद्द करतो. इथे यंत्रणा थिटी पडते. पैसे परत मिळतात, वस्तू द्यायला कुणी भाग पाडत नाही. एवढं मात्र बघा, की रद्द करण्याचं कारण त्याने ‘खरेदीदाराने विनंती केली’ असं टाकलेलं नाही ना. तसं टाकलं तर त्याच्या नोंदीवर डाग लागत नाही. रद्द करण्याची विनंती आली तर मान्य करू नका, ‘मी विनंती केलेली नाही’ असं लिहा आणि रिपोर्ट करा.

या यंत्रणेत मध्यस्थी करणारा माणूस नाही, म्हणूनही अर्धा गुण कापलाय. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ऑनलाइन वाद निवारणाचे अभ्यासक ईथन कॅट्श यांच्या केंद्राने ईबेच्या वादांसाठी ऑनलाइन मध्यस्थीचा प्रयोग केला. पुढे ईबेचे वाद हाताळणाऱ्या स्क्वेअरट्रेड या कंपनीच्या साइटवर दोन्ही बाजूंना आधी आपसात बोलता यायचं आणि थोडी फी भरून मध्यस्थ घेता यायचा. ते २००८ मध्ये थांबलं. आता कोण बरोबर ते ठरतं, पण दोघांना पटेल असं काही निघावं म्हणून मधे कुणी बसत नाही. जुन्या लेखांमध्ये युरोपीय संघाच्या ऑनलाइन वाद निवारण मंचाचा सल्ला दिसतो. तो २०१६ मध्ये सुरू झाला होता आणि २० जुलै २०२५ रोजी बंद झाला, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका.

परत पाठवताना : केसमध्ये दिलेल्या पत्त्यावरच, दिलेल्या तारखेच्या आत, ट्रॅकिंगसह. काउंटरवर वजनाची नोंद असलेली पावती मागून घ्या. ज्या वजनाच्या नोंदीने तुमची केस वाचते तीच परतीच्या वेळीही वाचवते. पार्सल विक्रेत्याकडे पोचल्यावर कामकाजाच्या २ दिवसांत परतावा यायला हवा, नाही आला तर लगेच ईबेला बोलावा. ‘पैसे पाठवलेत, केस बंद करा’ असा निरोप आला तरी रक्कम खात्यात दिसेपर्यंत ते बटण दाबू नका. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडत नाही. फीडबॅकला ६० दिवस असतात. तो पैसे जमा झाल्यावर लिहा, एका ओळीत, काय मागवलं आणि काय आलं एवढंच.