नाशिकमधील एए मीटिंग: एका पत्नीचा अनुभव

दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकमध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या ‘एए’चे, गट चालतात आणि माझे पती त्यांपैकी सिडको भागातील एका गटात नियमित जातात. गटाची नेमकी जागा आणि तेथील माणसांची नावे मी देणार नाही, कारण सभासदांची ओळख बाहेर जाऊ न देणे हाच या संघटनेचा पाया आहे. परंतु तेथे काय होते आणि काय होत नाही हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितले असते, तर घरातील भीती आणि संकोच पुष्कळ कमी झाला असता.

गट शोधणे सोपे नाही. बाहेर फलक नसतो, जाहिरात नसते आणि इंटरनेटवरील एका यादीतला पत्ता गाठला तेव्हा तेथे कुलूप होते. दुकानदारांकडे चौकशी करायची तर कशासाठी हवे आहे ते सांगावे लागते. अखेर एका परिचिताकडून क्रमांक मिळाला. फोन उचलणारे गृहस्थ स्वतःच सभासद होते. त्यांनी आमचे नाव, पगार, पत्ता यांपैकी काही विचारले नाही. शेवटची दारू कधी घेतली, सकाळी हात थरथरतात का, पूर्वी कधी फिट आली होती का, एवढेच विचारले आणि मीटिंगच्या आधी डॉक्टरांना दाखवा, असे निक्षून सांगितले. मला हा सल्ला सर्वांत मोलाचा वाटतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रम, भास, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्थाही येऊ शकते. ते काम दवाखान्याचे आहे, गटाचे नाही, आणि गटाचे लोक ते स्वतःहून मान्य करतात.

मीटिंग एका शाळेच्या वर्गात भरते. लहान मुलांच्या बाकांवर पाय दुमडून मोठी माणसे बसतात आणि फळ्यावर सकाळच्या अपूर्णांकांची गणिते तशीच असतात. प्रार्थना होते, दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या ‘बारा पायऱ्या’ वाचल्या जातात आणि मग एकेक जण ‘मी एक मद्यपाशी’, म्हणजे दारूच्या पाशात अडकलेला, अशी सुरुवात करून स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही, प्रश्नही विचारत नाही. अंबडच्या कारखान्यातील कामगार आपल्या बोलण्यात मुलीच्या फीचे पैसे कुठे गेले ते सांगतो, तेव्हा शेजारी बसलेले वकील मान खाली घालून ऐकत असतात. माझ्या पतींना नातेवाइकांनी शपथा घालून झाल्या होत्या, देवासमोर नारळ ठेवून झाला होता; परंतु ‘मीही असाच खोटे बोलायचो’ हे वाक्य त्यांनी प्रथमच कोणाकडून तरी ऐकले आणि परतताना रिक्षात ते स्वतःहून बोलू लागले.

शुल्क नाही. शेवटी एक थैली फिरते, त्यात सभासद यथाशक्ती टाकतात, नवीन माणसाने काही टाकावे अशी अपेक्षा नसते आणि बाहेरच्या देणग्या ही संघटना स्वीकारतच नाही. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक या दोन मद्यपाशींच्या भेटीतून ती सुरू झाली. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि लोकांना एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आमच्या गटात पिणाऱ्या स्त्रिया जवळजवळ येत नाहीत, आणि ज्या येऊ पाहतील त्यांना इतक्या पुरुषांमध्ये बोलणे जड जाईल. ईश्वराचा उल्लेख वारंवार होतो. आपापल्या समजुतीप्रमाणे ईश्वर माना असे सांगतात खरे, तरीही नास्तिक माणूस पहिल्या दिवशी बिचकू शकतो. कंपनीत सेकंड शिफ्ट असलेल्यांना संध्याकाळची वेळ जमत नाही. एक गट मानवला नाही म्हणून सोडून देऊ नये, दुसरा पाहावा, कारण प्रत्येक गटाचे वातावरण वेगळे असते.

घरच्या माणसांना खुल्या मीटिंगलाच बसता येते. बंद मीटिंग केवळ मद्यपाशींसाठी असते. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल्-अनॉन ही स्वतंत्र संघटना आहे आणि तिच्याबद्दल गटातील लोकांकडून अवश्य माहिती घ्यावी. मला तिच्याबद्दल सभासदांच्या पत्नींकडूनच कळले. बाटल्या शोधणे, ओतून देणे, ऑफिसात ‘ताप आला आहे’ असे फोन करणे, हे मी वर्षानुवर्षे करत होते आणि त्यांनी मला त्यातून सोडवले. नवरा प्यायचा थांबण्याआधीच मला झोप लागू लागली.

ज्यांना कोठून सुरुवात करावी हे सुचत नाही, त्यांनी व्यसनमुक्तीच्या १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. गटाचा क्रमांक मिळाला तर घरून निघण्यापूर्वी त्या आठवड्याचा वार, वेळ आणि मीटिंग खुली आहे की बंद, एवढे विचारून घ्यावे.