हॅशटॅग लिहिताना कॅपिटल अक्षरं बरी की अंडरस्कोअर?

हॅशटॅगमध्ये स्पेस चालत नाही, हायफन टाकला की टॅग तिथेच तुटतो, त्यामुळे स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकणाऱ्याला शब्द सुटे कळावेत असं वाटत असेल तर दोनच रस्ते उरतात. रोमन लिपीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं, नाहीतर शब्दांमध्ये अंडरस्कोअर (_) द्यायचा. मी दोन्ही वापरलेत आणि टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, लावून, स्क्रीनकडे न बघता ऐकलेतही.

सगळं स्मॉलमध्ये चिकटवून लिहिणं मी पर्यायात धरतच नाही. 2013 मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर गेल्या तेव्हा 'नाऊ थॅचर्स डेड' असा चिकटलेला टॅग (#nowthatchersdead) फिरला आणि कितीतरी जणांनी तो 'नाऊ दॅट शेर्स डेड' असा वाचून गायिका शेर गेली असं धरलं. डोळ्यांनी वाचणाऱ्यांचं हे झालं, मग मशीनचा आवाज शब्द कुठे तोडेल काय सांगावं.

अंडरस्कोअर शब्द अगदी नक्की सोडवतो, आणि देवनागरीत कॅपिटल नसल्यामुळे तिथे तोच हाताशी आहे. तसं देवनागरी जोडून लिहिलं तरी बरंचसं कळतं म्हणा, पण #जगवाचवा माझ्या फोनने 'जगवा... चवा' असं वाचलं आणि अर्थच गेला, #जग_वाचवा मात्र नीट आलं. काही सेटिंगमध्ये मधे मधे 'अंडरस्कोअर' असं मोठ्याने म्हटलं जातं, तेही चालवून घेता येतं.

मला खरं खटकलं ते वेगळंच. अंडरस्कोअर टाकला की तो टॅगच दुसरा होतो, म्हणजे बाकी सगळे ज्या टॅगवर लिहितायत तिथे तुमची पोस्ट दिसतच नाही, क्लिक केलं तर आपलीच चार वाक्यं समोर, आणि आपण टॅग लावतो कशासाठी तर लोकांच्यात सामील व्हायला ना! कॅपिटलचं तसं नाही, स्मॉल काय नि कॅपिटल काय, टॅग एकच धरला जातो. फक्त सजेशनवर टॅप केलं तर बऱ्याचदा सगळं परत स्मॉल होतं, म्हणून पूर्ण टॅग हातानेच टाइप करावा लागतो. आणि सगळीच अक्षरं कॅपिटल नकोत, काही आवाज मग एकेक अक्षर वाचत बसतात.

तुमचं वेगळं असू शकतं, पण आधीपासून चालू असलेला रोमन टॅग असेल तर मी तरी कॅपिटलच घेईन. देवनागरीत स्वतःचाच नवा टॅग काढणार असाल तर पहिल्या पोस्टपासून अंडरस्कोअर ठेवा आणि सोबतच्यांनाही तोच कॉपी करायला द्या.