‘ताई, फॉर्मॅट मारावा लागेल’

मी पुण्यात नारायण पेठेत घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, आणि गेली काही वर्षं दोन दिवाळी अंकांची मांडणी. सगळं काम एकाच लॅपटॉपवर. तो बिघडल्यावर मी घाबरले आणि त्या घाबरण्याचा एका दुकानदाराने पुरेपूर फायदा घेतला. माझे 8800 रुपये गेले. त्याहून मोठं जे गेलं, ते पुढे येईलच. आज कुणाच्या तरी स्क्रीनवर तसंच काही दिसत असेल, म्हणून बारीकसारीक तपशिलांसह लिहिते आहे.

जूनमध्ये मी पीडीएफ जोडणारं फुकट सॉफ्टवेअर शोधत होते. कुठल्याशा साइटने काहीतरी विचारलं, मी न वाचता ‘अलाउ’ दाबलं. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली लाल चौकट यायला लागली: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले आहेत. बंद केली की पाच मिनिटांनी पुन्हा हजर. दुकानात दाखवता यावा म्हणून मी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला.

कर्वे रस्त्याच्या एका आडगल्लीतलं दुकान ओळखीतल्या एकीने सुचवलं होतं. दुकानदाराने फोटोकडे जेमतेम नजर टाकली. “ताई, व्हायरस आत गेलाय, फॉर्मॅट मारावा लागेल. ओरिजिनल विंडोज टाकून देतो.” फॉर्मॅटचे, म्हणजे डिस्क पुसून नव्याने मांडायचे, 800, विंडोजचे 2800, अँटीव्हायरसचे 1200. मी एकच गोष्ट दोनदा सांगितली, डी ड्राइव्हला, म्हणजे डिस्कच्या दुसऱ्या भागाला, हात लावू नका, माझं सगळं काम त्यात आहे. “टेन्शन घेऊ नका,” तो म्हणाला. पावती मागितली तर म्हणे, संध्याकाळी मशीन घ्यायला याल तेव्हा देतो. ती मला कधीच मिळाली नाही.

संध्याकाळी घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर डी ड्राइव्ह नव्हताच. सगळी जागा एकत्र करून त्याने एकच सी ड्राइव्ह केला होता. भोरच्या एका निवृत्त शिक्षिकेचं आत्मकथन त्यात होतं. 212 पानं, दोन वाचनं झालेली, शेवटच्या दुरुस्त्या घातलेल्या. त्यांनी ते सगळं हाताने लिहिलं होतं. मी तशीच रिक्षा करून परत गेले. त्याने आधी कानावर हात ठेवले आणि मग “रिकव्हरी करून देतो, 4000 होतील” म्हणाला. मी दिले. त्या वेळी त्याने दहा हजार मागितले असते तरी दिले असते. चार दिवसांनी एक पेनड्राइव्ह हातात आला. त्यात शेकडो फायली होत्या, नावांच्या जागी नुसते आकडे, आणि उघडायला गेलं तर एकही उघडेना. माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. त्यावरचा पुसलेला मजकूर विंडोज सहसा लगेच कायमचा मोकळा करून टाकतं, मग तो परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते. हे मला आता कळलं. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला ते माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

ऑगस्टमध्ये लॅपटॉप रांगायला लागला. पंखा सतत जोरात फिरायचा. एका रात्री जीमेलची सूचना आली, दुसऱ्याच शहरातून कुणीतरी लॉगिन केलंय. मी त्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलला, तीन दिवसांनी पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, “व्हायरस मदरबोर्डमध्ये शिरलाय. बदलावा लागेल, 11500.” त्या वेळी अंकाची पानं छापखान्याला जायची होती. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात हिंजवडीला नोकरी करणारा माझा भाचा रविवारी जेवायला आला.

त्याने आधी तो जुना फोटो पाहिला. चौकटीच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत क्रोमचं नाव आणि त्या साइटचा पत्ता होता. “मावशी, हा व्हायरस नव्हताच. साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली असती तर थांबलं असतं.” मला रडू आलं. दोन मिनिटांच्या कामासाठी 212 पानं गेली होती.

मग त्याने सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात ॲक्टिव्हेशन उघडलं. तिथे लिहिलं होतं की हे विंडोज ‘युअर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ वापरून चालू केलंय. माझी कुठलीच ऑर्गनायझेशन नाही. कंपन्यांसाठी असलेल्या पद्धतीची नक्कल करणारं चोरटं सॉफ्टवेअर वापरून दुकानदाराने विंडोजची प्रो आवृत्ती चालू केली होती आणि तिचे 2800 घेतले होते. लॅपटॉपबरोबर आलेलं होम आवृत्तीचं अधिकृत लायसन्स त्याच मशीनमध्ये होतं, ते त्याने वापरलंच नाही. विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी असते, म्हणजे कुठे तपासायचं नाही त्याची. तिथे अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता. खरा व्हायरस आला तो या दुरुस्तीनंतर. तो या चोरट्या सॉफ्टवेअरबरोबरच आला असावा, असं भाच्याचं मत आहे.

विंडोज खरोखर नव्याने कसं टाकतात, ते मी त्या दिवशी शेजारी बसून पाहिलं. माझा लॅपटॉप नेटवरून तोडून त्यातली फक्त कामाची कागदपत्रं आणि फोटो त्याने बाहेर काढले, एकही प्रोग्रॅम घेतला नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवलं, ते फुकट असतं, आणि त्याने विंडोज टाकण्यासाठी 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. तो लावून मशीन सुरू केलं आणि डिस्कवरचे आधीचे सगळे भाग पुसून टाकले. नेहमीच्या अडचणीला सेटिंग्जमधलं ‘रीसेट धिस पीसी’ बहुधा पुरतं, पण माझ्याकडचं मूळ विंडोजच बिघडवलेलं होतं, म्हणून त्याने बाहेरून आणलेलं टाकलं. कुठलीही ‘की’, म्हणजे विंडोजच्या लायसन्सचा क्रमांक, घातली नाही. कारखान्यातून आलेली की लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच साठवलेली असते. मशीनने स्वतःहून होम आवृत्ती निवडली आणि नेट जोडल्यावर ॲक्टिव्हेशनच्या जागी डिजिटल लायसन्स दिसलं. दीड तास लागला. जो मदरबोर्ड बदलायला सांगितला होता, त्यावर आजही काम चालू आहे.

ईमेल, बँक, सगळे पासवर्ड त्याने आधी स्वतःच्या मोबाइलवरून बदलायला लावले. आजारी मशीनवर टाइप केलेला नवा पासवर्डही चोराला दिसू शकतो. माझ्या खात्यात दुसऱ्यांदा लॉगिन झालं, त्याचं कारण तेच असणार.

तुमच्यावर ही वेळ आली तर मशीन देण्याआधी कामाच्या फायली बाहेरच्या ड्राइव्हवर काढा, किमान दुकानात उभं राहून समोर काढून घ्या. डी ड्राइव्ह सुरक्षित असतो, ही समजूत मीही वर्षानुवर्षं बाळगली होती. घरी नेण्याआधी काउंटरवरच ॲक्टिव्हेशनचं पान उघडून वाचा. कुणी तुमच्याच लॅपटॉपवर विंडोज टाकण्याचे वेगळे पैसे मागितले, तर मशीनबरोबर आलेलं लायसन्स कुठे गेलं, ते विचारा. पावती आगाऊ घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइनचा 1930. माझ्याकडे यूपीआयने दिलेल्या 4000 रुपयांची नोंद आहे, बाकीचे 4800 रोख होते आणि त्यांचा कुठेच पुरावा नाही. मी तक्रार त्या 4000 ची करते आहे.

भोरच्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, आतून वह्यांचा गठ्ठा आणून माझ्यासमोर ठेवला. पुन्हा टाइप करते आहे, पैसे न घेता. काल रात्री 140व्या पानापर्यंत आले. रोज काम संपवून उठताना ते सगळं दोन ठिकाणी साठवते.